खारं पाणी सोसणाऱ्या परक्या तणाचा धोका कसा जोखावा?

भरतीरेषा: भरतीच्या गाळात नव्याने दिसलेलं मांसल पानांचं तण आहे. बिया ०, १००, २००, ४०० आणि ६०० मिलिमोलर (द्रावणाच्या तीव्रतेचं एकक) मिठाच्या पाण्यात, प्रत्येक पातळीला २५ बियांच्या ४ पेट्री डिश अशा लावल्या. ४०० च्या पुढे उगवण शून्य. म्हणजे किनाऱ्यावर ते पसरणार नाही, असं धरता येईल का?

रुजवण: असं मुळीच धरू नका. खाऱ्या जमिनीतल्या बहुतेक झाडांचं बी गोड्या पाण्यातच उत्तम रुजतं. जोराचा पाऊस मीठ धुऊन नेतो तेवढ्यात रोप उभं राहतं आणि मोठं झाल्यावर खारटपणा सोसतं. खरी परीक्षा पुढची आहे. न रुजलेल्या बिया ऊर्ध्वपातित पाण्याने ३ वेळा धुवा, कोऱ्या गाळणकागदावर ठेवा आणि आणखी १० दिवस रोज मोजा. भराभर उगवल्या तर मिठाने त्यांना नुसतं थोपवून धरलं होतं. अशा बिया गाळात दबा धरून बसतात, आणि मला सर्वांत जास्त भीती त्यांचीच वाटते. ज्या तरीही उगवत नाहीत त्या कापून टेट्राझोलियममध्ये (जिवंत पेशी लाल करणाऱ्या रसायनात) ठेवा; गर्भ लाल झाला तर बी जिवंत आहे.

क्षारमापी: डिश पॅराफिल्मने (ताणून चिकटणाऱ्या मेणचट पट्टीने) बंद होत्या ना? उघड्या डिशमधलं पाणी उडतं आणि २०० चं द्रावण नकळत ३०० होतं. १०० मिलिमोलर म्हणजे लिटरला ५.८४ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड. स्वयंपाकाचं मीठ नको. जोडीला पातळ केलेलं समुद्राचं पाणीही लावा. त्यातलं कॅल्शियम सोडियमचा मारा सौम्य करतं, त्यामुळे नुसत्या मिठातले आकडे बऱ्याचदा वाजवीपेक्षा कडक येतात.

रुजवण: बरोबर. शिवाय फक्त बियांवर थांबू नका. एकेक पेर असलेले खोडाचे तुकडे समुद्राच्या पाण्यात तरंगत ठेवा. ३, ७, १४ आणि २८ दिवसांनी काही काढून ओल्या वाळूत लावा. दोन आठवड्यांनंतरही मुळं फुटत असतील तर भरतीच्या पाण्यावर ते दूरवर जाऊन रुजू शकतं.

पाणथळ: जवळचे स्थानिक नातलगही तपासा. इंग्लंडमध्ये अमेरिकेतून आलेल्या स्पार्टिना गवताचा तिथल्या जातीशी संकर झाला. तो वांझ होता, पण गुणसूत्रं दुप्पट होऊन त्यातून सुपीक आणि आक्रमक स्पार्टिना अँग्लिका तयार झाली. तणाच्या धोक्याची ऑस्ट्रेलियन प्रश्नावलीही भरा: ४९ प्रश्न, ६ च्या वर गुण गेले तर 'नाकारा'. ही जात दुसरीकडे उपद्रवी ठरली आहे का, याला तिथे मोठं वजन आहे.

आणि चाचणी संपली की बिया, तुकडे, वाळू, सगळं ऑटोक्लेव्ह करूनच (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करूनच) टाका. धुतलेलं पाणीसुद्धा.