बंद पडलेली प्रीमियर पद्मिनी गाडी मित्रांनी मिळून सुरू करणे : अनुभव लिहा

भंगारप्रेमी : मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचे (ऑक्टोबर 2023) फोटो परत फिरतायत, म्हणून हा धागा. झाडाखाली वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी स्वस्तात मिळते, चौघं जमतात आणि सगळ्यात उत्साही प्राणी थेट स्टार्टर मारतो. मारू नका! पिस्टनच्या रिंगा सिलेंडरला धरलेल्या असतात. चारही स्पार्क प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी चौथा गिअर टाकून गाडी हळूच पुढेमागे हलवा. इंजिन फिरलं की न्यूट्रल करून स्टार्टर, प्लग बाहेरच. तेल उडतं, कुणी वाकून बघू नये.

बारा-तेरा पाना : टाकीतल्या पेट्रोलला हात लावू नका. डिंक झालेला असतो, पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरची बारीक भोकं (जेट) बुजतात. बाटलीत अर्धा लिटर ताजं घ्या, एसी पंपाची (टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप) नळी त्यात सोडा, बाटली इंजिनपासून लांब. आणि आधी डिपस्टिकचा (इंजिन ऑइल मोजायची पट्टी) वास घ्या. पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा) फाटला असेल तर पेट्रोल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलमध्ये उतरतं, ऑइलची लेव्हल वाढलेली दिसते. तसंच चालवलंत तर बेअरिंगं गेली.

माऊ : बारा-तेरा +1. हल्ली पेट्रोलात इथेनॉल असतं, जुनं रबर टिकत नाही. नळ्या आणि डायफ्रॅम नवेच टाका.

उगाच : उंदरांबद्दल कुणीच बोलत नाहीये. वायरिंग आधी बघा 😀

भंगारप्रेमी : @उगाच, बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवतात की लोक.

उगाच : मग उंदीर तंबाखू मळतात आणि वायर खातात

करंट : स्पार्क नसेल तर डेल्कोची (प्लगांना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) टोपी काढा. आतल्या उघडझाप करणाऱ्या पॉइंटवर पांढरट थर असतो, बारीक पॉलिश पेपर फिरवा, गॅप 0.45 मिमी. पॉइंट सारखे जळत असतील तर दोष कंडेन्सरचा, पॉइंट बदलत बसू नका. प्लगच्या वायरी काढताना खुणा करा. सिलेंडर पेटण्याचा क्रम 1-3-4-2. दोन वायरी उलट्या लागल्या की कार्ब्युरेटरमधून फाट्‌ आवाज येतो, आणि त्या वेळी एअर क्लीनर काढून कुणीतरी आत डोकावत असतं.

माऊ : 🙈

सावकाश : सगळे इंजिनाच्या मागे. ब्रेकचं काय? सुरू झाली की कुणीतरी गेट ओलांडणारच. व्हील सिलेंडर (चाकातले ब्रेक दाबणारे) गंजून जाम असतात. चारही ड्रम उघडा, रबर किट बदला, पूर्ण जुनं ब्रेक ऑइल काढा. खरं तर मित्र लागतात ते इथे. एक पेडल दाबून धरणार, दुसरा चाकामागचा निप्पल (हवा सोडायचा स्क्रू) उघडून बुडबुडे काढणार. निप्पल बंद होईपर्यंत पेडल सोडायचं नाही, सोडलं की हवा परत आत. मास्टर सिलेंडरपासून (पेडलला जोडलेला) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. ब्रेक ऑइलच्या जागी इंजिन ऑइल ओतलं तर रबर फुगतं, सगळं परत उघडा. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली कुणी शिरू नका, स्टँड लावा.

करंट : धक्का मारायचा तर दुसऱ्या गिअरमध्ये, चावी ऑन. अर्धे लोक चावीच विसरतात.

नवखा : ब्रेकचं रबर किट कुठे मिळतं? कुर्ल्याला?

बारा-तेरा पाना : कुर्ला, सीएसटी रोड. जुना सुटा भाग हातात घेऊन जा, नाव सांगून चुकीचा मिळतो.

उगाच : जाताना आमच्यासाठी साइड मिरर बघा ना, डाव्या बाजूचा