४०१(के)ची टेस्ट फेल: रिफंड घ्यावा की ४ टक्के भरून मोकळं व्हावं?

नमस्कार मंडळी, अमेरिकेत छोटा धंदा चालवणाऱ्यांचा किंवा पेन्शन प्लॅनमधल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे.

न्यू जर्सीत बायकोचं दातांचं क्लिनिक आहे. पगार आणि हिशेब मी बघतो. आम्ही दोघं आणि स्टाफचे सहा जण. ४०१(के) (पगारातून पैसे कापून साठवायचा निवृत्तीचा प्लॅन) आहे, पण मालकाकडून मॅच (कर्मचारी भरतो त्यावर मालकाने घालायची भर) नाही. २०२५ ची एडीपी टेस्ट (मालक आणि मोठ्या पगाराचे लोक बाकी स्टाफच्या मानाने किती टक्के भरतात याची तपासणी) फेल झाल्याचं टीपीएने (प्लॅनचं कामकाज बघणारा बाहेरचा माणूस) कळवलंय. सहापैकी एक हायजिनिस्ट ६ टक्के भरते, एक असिस्टंट ३ टक्के, बाकी चौघं शून्य. म्हणजे सरासरी दीड टक्का. सरासरी २ टक्क्यांच्या आत असली की आम्हाला तिच्या दुपटीपर्यंतच मुभा, म्हणजे ३ टक्के. बायकोने पूर्ण २३,५०० डॉलर भरलेत. माझा पगार बेताचाच, पण मालकिणीचा नवरा म्हणून मीही 'हायली कॉम्पेन्सेटेड'मध्येच (मालक आणि मोठ्या पगारवाल्यांच्या गटात) धरला जातो.

टीपीए म्हणतो, १५ मार्चच्या आत रिफंड घ्या (मर्यादेपेक्षा जादा भरलेले पैसे प्लॅनमधून परत घ्या), नाहीतर जादा रकमेवर १० टक्के एक्साइज टॅक्स. रिफंडवर २०२६ चा इन्कम टॅक्स लागणार तो वेगळाच.

माझ्या डोक्यात दुसरंच घोळतंय. प्लॅनमधल्या एकूण पैशांपैकी ६० टक्क्यांहून जास्त पैसे २०२४ अखेरीलाच आमच्या दोघांच्या खात्यांत होते, म्हणजे प्लॅन टॉप-हेवी (मालकांकडे झुकलेला). मग स्टाफला ३ टक्के तसेही द्यावेच लागणार ना? सिक्युअर कायद्याने मागच्या वर्षासाठी ४ टक्के नॉनइलेक्टिव्ह (कर्मचाऱ्याने स्वतः भरो न भरो, मालकाने द्यायची रक्कम) देऊन प्लॅन सेफ हार्बर (म्हणजे या टेस्टमधून सुटलेला) करायची सोय दिली आहे, २०२६ संपेपर्यंत. सहा जणांचा वर्षाचा पगार मिळून २,६०,००० डॉलर. त्याचे ३ टक्के ७,८०० आणि ४ टक्के १०,४००. म्हणजे फक्त २,६०० डॉलर जास्त घालून रिफंडही टळतो. हे गणित बरोबर आहे का? टीपीएने हा पर्याय काढलाच नाही, म्हणून शंका येते.

पुढच्या वर्षांचं काय करावं? बेसिक मॅच लावला (पहिल्या ३ टक्क्यांना पूर्ण, पुढच्या २ टक्क्यांना निम्मा), तर आजच्या घडीला मला साधारण ४,१५० डॉलरच पडतील, कारण भरणारे दोघंच. पण रिसेप्शनवरची मुलगी घरभाडं आणि डे-केअर भरून काय वाचवणार? मॅच तिच्यापर्यंत पोचतच नाही. ३ टक्के नॉनइलेक्टिव्ह तिने एक पैसा न भरताही तिच्या खात्यात जातात, आणि लगेच शंभर टक्के तिचे होतात. माझा कल तिकडेच आहे. बायकोचाही.

२०२६ साठी प्लॅनमध्ये ३ टक्के नॉनइलेक्टिव्हची दुरुस्ती १ डिसेंबरपर्यंत करता येते असं वाचलंय. पण एकदा सुरू केल्यावर एखादं वर्ष मंदीचं गेलं तर मधेच थांबवता येतं का, आणि त्या वर्षी पुन्हा टेस्टिंग लागतं का? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया लिहा. १५ मार्चच्या आत टीपीएला उत्तर द्यायचं आहे.