शाहूपुरीत तळमजल्यावर भाड्यानं राहतेय. पंचगंगेचा नेमका कुठला आकडा बघायचा?

सोलापूरची_पाहुणी

नमस्कार. मी मूळची सोलापूरची. आमच्याकडं पाणी म्हणजे चार-पाच दिवसांआड नळाला येतं ते. नदी उंबरा ओलांडून घरात येते ही गोष्ट मी टीव्हीवरच पाहिलेली. एप्रिलमध्ये नोकरीसाठी कोल्हापुरात आले आणि व्हीनस कॉर्नरपासून चालत सात मिनिटांवर तळमजल्याच्या दोन खोल्या घेतल्या. भाडं एवढं कमी कसं, हे तेव्हा विचारलं नाही. आता जुलै लागल्यावर कळायला लागलंय.

परवा रात्री अकराला बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज आला: "राधानगरीचे सातही दरवाजे उघडले, रात्रीत पाणी शहरात शिरणार, सर्वांना कळवा." सोबत हायवेवर पाण्यात उभ्या असलेल्या ट्रकांचा व्हिडिओ. मी घरात एकटी. समोरच्या काकूंच्या मुलाला उठवून फ्रीज दिवाणावर चढवला. वॉशिंग मशीन काही चढेना, तिच्याखाली चार विटा सरकवल्या. रात्रभर जागी. सकाळी उठून बघते तर लख्ख ऊन. ऑफिसात सांगितलं तर सगळे खो-खो हसले. व्हिडिओ 2019 चा होता म्हणे, दर पावसाळ्यात नव्यानं फिरतो.

घरमालकांना फोन केला. ते म्हणाले, "टेन्शन घेऊ नका, 39 झालं की मी सांगतो." ते राहतात पुण्यात.

39 म्हणजे काय, कुठं मोजलेलं? रोज जे पत्रक फिरतं त्यात हळदी, राशिवडे, सरकारी कोगे अशी पन्नास-साठ नावं असतात आणि खाली क्युसेक. त्यातलं माझ्या कामाचं काय? फ्रीज नक्की कधी उचलायचा, एवढं कुणीतरी सांगा. तो अजून दिवाणावरच आहे आणि मी जमिनीवर झोपतेय.

रंकाळावेस_स्पेशल

फ्रीज दिवाणावर आणि माणूस खाली! ताई, तुम्ही आता पक्क्या कोल्हापूरकर झालात. पूर आला की आम्ही आधी शिवाजी पुलावर बघायला जातो, येताना भाजलेलं कणीस खातो, मग घरी येऊन सामान उचलतो. जोक अपार्ट, खाली माहितीची माणसं येतील, थांबा.

कुंभारगल्लीची_सून

ताई, आधी घाबरू नका. मी तुमच्याजवळच राहतो. (होय, बाईच आहे. सव्वीस वर्षं झाली इथं नांदतोय, "राहते" म्हणायला गेलं की जीभ अडखळते.) आमचा गणपतीचा कारखाना आहे, खाली कारखाना आणि वर घर. 2019 आणि 2021 दोन्ही पाणी बघितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

39 म्हणजे 39 फूट. हे माप कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरचं. तिथं पट्टी आहे, तिच्यावर पाणी किती ते बघतात आणि जिल्ह्याचा आपत्ती कक्ष ते पत्रकात देतो. 39 ला इशारा पातळी, 43 ला धोका पातळी. तुमच्या मालकानं बातमीतला आकडा उचलून तुम्हाला दिलाय. 39 ला शाहूपुरीत काहीच होत नसतं. 39-40 ला सुतारवाड्यातल्या लोकांना चित्रदुर्ग मठात हलवायला सुरुवात होते, कारण ते खाली आहेत. त्यांचा आकडा तो, तुमचा न्हवं. पेपरात "धोका पातळी ओलांडली" असं मोठ्या अक्षरात आलं की सगळं गाव एकदम बुडाल्यासारखं वाटतं. पण प्रत्येक उंबऱ्याचा आकडा वेगळा असतो आणि तो पत्रकात छापून येत नाही. आपला आपण काढायचा.

कसा काढायचा सांगतो. आमच्या कारखान्याच्या भिंतीवर सासऱ्यांनी ऑइलपेंटनं दोन रेघा मारून ठेवल्यात. खालची 2019 ची, त्या वेळी बंधाऱ्यावर 55 फूट 7 इंच होतं. वरची 2021 ची, 56 फूट 3 इंच. दोन रेघांत वीतभर अंतर. वरची रेघ आमच्या उंबऱ्यापासून 9 फूट 1 इंचावर आहे. 56 फूट 3 इंचातनं 9 फूट 1 इंच वजा करा, राहिलं 47 फूट 2 इंच. म्हणजे बंधाऱ्यावर 47 झालं की आमच्या उंबऱ्याला पाणी लागणार. 2024 ला पाणी 47 च्या वर जाऊन तिथनं उतरलं, तेव्हा आमच्यात बरोबर घोट्याएवढं आलं होतं. हिशोब जुळतो.

तुमच्या घरातही रेघ असणार. पुराचा गाळ भिंत सोडत नाही, कितीही डिस्टेंपर मारा. मालकानं रंग काढून भाड्यानं दिलंय म्हणजे पुढच्या खोलीत दिसणार नाही. मीटरच्या पेटीच्या मागं बघा, मोरीच्या दाराच्या चौकटीवर बघा, जिन्याखाली बघा. नाही सापडली तर काकूंना विचारा, त्या बोटानं दाखवतील. टेपनं मोजा आणि वजा करा.

आमच्याकडं पाणी नदीतनं सरळ चालत येत नाही, जयंती नाल्यातनं मागं सरकत येतं. त्यामुळं आवाज नाही, लाट नाही. 2019 ला गणपती 2 सप्टेंबरला होते आणि ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात पाणी चढलं. आमचं रंगकाम निम्म्यावर. रात्री दोनला मी खाली गेलो तर गटाराच्या जाळीतनं पाणी नुसतं वर उमटत होतं, दूध उतू जायच्या आधी जसं हलतं तसं. तोवर आम्ही टीव्हीवर पुलाचं शूटिंग बघत बसलेलो. प्लॅस्टरच्या मूर्ती माळ्यावर चढवल्या, शाडूच्या जड, त्यांना चार माणसं लागतात. बावीस शाडूच्या खाली राहिल्या. पाणी उतरल्यावर कारखान्यात मूर्ती नव्हत्या, ढोपरभर गाळात नुसते पाट होते. एका पाटावर उंदीर तेवढा शाबूत, तो प्लॅस्टरचा होता.

तेव्हापासून आम्ही पुलाकडं बघत नाही, गटाराच्या जाळीकडं बघतो. आणि 44 झालं की शाडू हलवायला घेतो, कुणी काही म्हणो.

बंधारा_ते_बंधारा

वरच्या ताईंनी वजाबाकी अगदी बरोबर सांगितली. नोकरीची बत्तीस वर्षं पाटबंधाऱ्याच्या कामात काढली, आता निवृत्त आहे. थोडी भर घालतो.

पत्रकातली ती पन्नास-साठ नावं म्हणजे पाण्याखाली गेलेले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. नदीवार दिलेले असतात. पंचगंगा ही कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांची मिळून प्रयाग चिखलीला होते (पाचवी सरस्वती गुप्त). हळदी, राशिवडे, कोगे हे भोगावतीवरचे. ती नावं सगळी वाचू नका. भोगावतीची आणि कासारीची रांग कालच्यापेक्षा लांबली का, एवढंच बघा. लांबली असेल तर वरून पाणी येतंय.

राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. वीज लागत नाही, माणूस लागत नाही. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं उघडतात, पातळी उतरली की मिटतात. त्यामुळं "अमुक साहेबांनी रात्री दरवाजे उघडले" असा मेसेज आला की तो तिथंच खोडा. एका दरवाजातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला साधारण चाळीस हजार लिटर. दरवाजा उघडला म्हणून तासाभरात शाहूपुरीत पाणी येत नाही, ते भोगावतीतून उतरत यावं लागतं. आणि धरण भरल्याशिवाय हे दरवाजे उघडतच नाहीत. परवाच्या मेसेजच्या वेळी त्या दिवशीच्या पत्रकात राधानगरीचा टक्का बघितला असता तर झोप लागली असती.

दुसरं, नुसता आकडा वाचू नका, वेग काढा. सकाळी आठचा आणि दुपारी दोनचा आकडा कागदावर लिहा. सहा तासांत तीन इंच चढलं तर ती वेगळी गोष्ट, दीड फूट चढलं तर वेगळी. 43 वर दोन दिवस थांबलेली नदी परवडते, 38 वरून धावत सुटलेली परवडत नाही. 2021 ला 22 आणि 23 जुलैला ती धावतच होती. लोक 2019 चा अनुभव धरून बसले आणि वेळ गेली.

उतरण्याचं गणित निराळं. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कोयनेतून विसर्ग जास्त असेल आणि कृष्णा फुगलेली असेल तर पंचगंगेला पुढं जागा मिळत नाही, इथं पाऊस उघडला तरी पाणी हलत नाही. म्हणूनच आपल्याकडं कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीवरून एवढा वाद चालतो. त्यावर इथं सुरू केलं तर धागा संपणार नाही, सोडून देतो.

एक सावधगिरी. बंधारा बावड्यात, तुम्ही शाहूपुरीत. मधे उतार आहे, नाला आहे, पूल आहेत. वजाबाकी करून आलेल्या आकड्यातून आणखी दोन फूट कमी करा आणि त्याला आपला आकडा समजा.

वडणगेकर

मी रोज दूध घेऊन शहरात येतो, त्यामुळं माझं सगळं लक्ष रस्त्यावर. ताई, घर कोरडं राहिलं तरी तुम्ही अडकू शकता, ते लक्षात घ्या. रत्नागिरी रोड केर्लीजवळ जातो, गगनबावडा रोड बालिंग्याला जातो, आंबेवाडी-चिखलीचा संपर्क त्याहून आधी तुटतो. आणि शिरोलीला हायवेवर पाणी आलं की पुणे बंद. 2019 ला तेच झालं, पेट्रोलला रांगा आणि आमचं दूध घरातच. सोलापूरला जायचं मनात असेल तर हायवे बंद व्हायच्या आत निघा, नंतर मालकांना पुण्याहून यायचं म्हटलं तरी येता यायचं नाही.

आणखी एक. पूर आला की नळ बंद होतो, हे बाहेरच्यांना पटत नाही. शिंगणापूर, बालिंग्याचे पंप नदीकाठी, ते बुडाले की चारी बाजूला पाणी आणि प्यायला टँकर. 2023 च्या नोव्हेंबरापासून काळम्मावाडीची थेट पाइपलाइन आहे म्हणा, तरी दोन ड्रम भरून ठेवायची सवय काही सुटत नाही. नळाची बातमी महापालिकेकडनं येते, नदीच्या पातळीची जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाकडनं. दोन वेगळी पत्रकं, लोक एकात दुसरं शोधत बसतात. 1077 नंबर फोनमध्ये सेव्ह करा.

नगरसेवकाचा नंबरही घेऊन ठेवा. नोव्हेंबर 2020 ला सभागृहाची मुदत संपली त्यानंतर पाच वर्षं प्रशासकच होता, 2021 च्या पुरात लोकांना फोन कुणाला करायचा तेच कळत नव्हतं. आता निवडून आलेत तर उचलू देत फोन.

सोलापूरची_पाहुणी

सगळ्यांचे आभार. रेघ सापडली!

मीटरच्या पेटीमागं नव्हती. काकूंनी मोरीच्या दाराकडं बोट केलं. चौकटीला चार हात रंग मारलाय, पण बिजागरीच्या खाचेत आतून पिवळट गाळ तसाच आहे, नखानं खरवडला तर निघतो. काकू म्हणाल्या, हे 2021 चं. फरशीपासून 4 फूट 5 इंच. 56 फूट 3 इंचातून वजा केलं, 51 फूट 10 इंच आले. पाटबंधाऱ्यातल्या काकांनी वर सांगितलेले दोन फूट कमी करून मी 49 फूट 10 इंच धरलेत.

मग स्कूटीचं लक्षात आलं. पार्किंग फरशीपेक्षा सव्वादोन फूट खाली आहे. म्हणजे तिचा आकडा 47 फूट 7 इंच. फ्रीजच्या आधी स्कूटी हलवायची, हे मला कधीच सुचलं नसतं. दोन्ही आकडे फ्रीजच्या दारावर चिकटवलेत आणि शेजारी सकाळ-दुपारच्या नोंदीचा कागद. फ्रीज खाली उतरवला. विटा तेवढ्या राहू दिल्यात.

मालकांना विचारलं, रेघेचं आधी का नाही सांगितलं? म्हणाले, "तुम्ही विचारलं कुठं?"

कुंभारगल्लीची_सून

ताई, तुमचं घर चांगलं उंचावर आहे की मग. पण तुमच्या गल्लीचं तोंड आमच्या उंबऱ्याएवढंच आहे, 47 ला तिथं पाणी असणार. स्कूटी 47 फूट 7 इंचाला काढायला गेलात तर बाहेर कुठनं निघणार? 45 ला आमच्यासमोरच्या चढावर आणून लावा. आणि येताना दोन हात मोकळे घेऊन या, यंदा शाडूच्या चाळीस आहेत.