सिरम घ्यावं की व्हायटलवरच राहावं? मींडेचा लीड हवाय, बजेट कमी आहे

मिरजेचा_षड्ज
नमस्कार मंडळी. मी मिरजेचा, दहा-बारा वर्षं पेटी वाजवतोय, गेल्या दिवाळीपासून लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकून स्वतःचे ट्रॅक करायला लागलोय. लॅपटॉप आय-फाइव्ह, 8 जीबी रॅम, एक साधा ऑडिओ इंटरफेस आणि 49 पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड, एवढाच संसार आहे.

करायचंय असं की खाली घरच्या तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग, त्यावर सिंथचा (आवाज घडवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) लीड, म्हणजे मुख्य चाल वाजवणारा आवाज, जो गळ्यासारखा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाईल, मागे हलका पॅड, म्हणजे लांब सुरांचा थर. पेटीवर मींड निघत नाही हे दुखणं इतकी वर्षं सोबत आहे आणि सिंथवर ते निघतं हे कळल्यापासून झोप उडालीय. सध्या व्हायटल या सिंथची फुकट आवृत्ती आहे. एका मित्राचं म्हणणं की सिरम या सिंथशिवाय प्रोफेशनल आवाज येत नाही, दुसरा म्हणतो डिव्हा घे, तिसरा सायलेंथ म्हणतो. एकदाच पैसे घालीन, परत परत जमणार नाही. शिवाय सनई-बासरीचे आवाजही लागतील पुढे. काय करू?

लो_पास
आधी सनई-बासरी बाजूला काढ, कारण ते सिंथचं कामच नाही. खरी बासरी फुंकल्यासारखी ऐकू यायला हवी तर सॅम्पल, म्हणजे खऱ्या वाद्याचे रेकॉर्ड केलेले सूर लागतात, आणि ते वाजवायला कॉन्टॅक्ट प्लेयर किंवा डिसेंट सॅम्पलर, दोन्ही फुकट मिळतात, खर्च होतो तो लायब्ररीचा. लोक सिंथमध्ये शहनाईचा प्रीसेट (तयार आवाज) शोधत बसतात आणि मग सिंथलाच नावं ठेवतात.

आता सिरम आणि व्हायटल. दोन्ही वेव्हटेबल सिंथ. म्हणजे लहरीच्या एकेका आवर्तनाची चित्रं ओळीने रचून ठेवलेली असतात, एका टेबलात 256 पर्यंत, आणि तू त्यांच्यातून पुढेमागे सरकत आवाजाचा पोत बदलत राहतोस. सिरम 2014 चं, स्टीव्ह डूडाने केलेलं, 2025 मध्ये सिरम 2 आलं आणि जुन्या गिऱ्हाइकांना ते फुकट मिळालं ही फार चांगली गोष्ट केली त्यांनी. व्हायटल मॅट टायटेलने 2020 च्या शेवटी आणलं. तुझ्या फुकट आवृत्तीत आणि पैसेवाल्या आवृत्तीत आवाजाचं इंजिन एकच आहे, फरक प्रीसेट आणि वेव्हटेबलच्या संख्येचा. हे नीट वाच, कारण लोकांना वाटतं फुकट म्हणजे काहीतरी कापून दिलेलं असणार.

मी सिरम विकत घेतलंय आणि रोज वापरतो, पण कारण वेगळं आहे. माझ्याकडे ईडीएमची (इलेक्ट्रॉनिक डान्स संगीताची) कामं येतात, समोरच्याच्या प्रोजेक्टमध्ये सिरमचेच प्रीसेट असतात, ते उघडायला सिरम लागतंच. तुझ्या लीडला काय लागतं? एक सॉ नाहीतर ट्रँगल (हे लहरीचे साधे आकार), वर तीक्ष्णपणा कापणारा लो पास फिल्टर आणि सूर घसरवणारा ग्लाइड. एवढ्यासाठी 249 डॉलर घालू नकोस.

व्हायटलमध्ये असं कर. व्हॉइसेस 1 कर, म्हणजे एका वेळी एकच सूर वाजेल, लेगाटो (सूर जोडून वाजवणं) चालू कर, ग्लाइड 100 मिलिसेकंदच्या आसपास ठेव. आता पहिली पट्टी दाबून ठेवूनच दुसरी दाब, सूर घसरत जाईल. पहिली सोडून दुसरी दाबलीस तर नवा सूर सरळ लागेल. म्हणजे कुठे मींड घ्यायची आणि कुठे खडा सूर लावायचा हे बोटातच राहतं. ग्लाइडच्या शेजारी स्लोप म्हणून नॉब आहे, त्याने घसरण्याचा बाक बदलतो, त्याच्यावर एक अख्खी संध्याकाळ घाल. मींडेचा जीव तिथे आहे, प्रीसेटमध्ये नाही.

गिरगाव_बेंजो
मी लाइव्ह वाजवतो म्हणून त्या बाजूने सांगतो. 8 जीबीच्या मशीनवर डिव्हा जपून. आवाज अप्रतिम आहे, जुन्या मूग, ज्युपिटर, जुनोच्या फिल्टरची वागणूक त्यांनी फार खोलात जाऊन बसवलीय, पण त्याची किंमत प्रोसेसर भरतो. ॲक्युरसी ड्राफ्टपासून डिव्हाइनपर्यंत बदलता येते, खालच्या मोडवर चालेल, पण मग ज्यासाठी घेतलं तेच थोडं जातं. डेमो फुकट आहे, मधूनमधून खरखर टाकतो तेवढंच, तुझ्या मशीनला झेपतं का ते आधी बघून घे.

आणि कुठलाही सिंथ घे, युनिसन (एका सुराच्या एकावर एक किती प्रती वाजतात) आणि बफर (आवाज तयार करायला लॅपटॉपला किती अवकाश मिळतो) यांच्याकडे लक्ष दे. एका गणपतीत मी पॅडला युनिसन 16 लावून ठेवलेलं, बफर 64, तालमीला सगळं व्यवस्थित, आरतीनंतर गाणं सुरू झालं आणि चार बोटं एकदम ठेवली तसा आवाज तुटायला लागला, चारही सुरांचे सोळा-सोळा म्हणजे चौसष्ट आवाज एकदम काढायला लावत होतो ना मी त्याला. तेव्हापासून पॅडला युनिसन 3 किंवा 4, बफर 256, आणि घरीच पॅडची ऑडिओ फाइल करून ठेवायची.

अर्धा_तंबोरा
सगळ्यांनी मींडेबद्दल सांगितलं, सुराबद्दल कुणीच बोललं नाही. अरे मिरजेचा माणूस तानपुऱ्यावर सिंथ लावतोय, तिथे पहिला प्रश्न ट्यूनिंगचा!

तानपुऱ्याचा खर्ज नीट जुळला की त्यातून स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो 5/4 चा, म्हणजे षड्जापासून 386 सेंटवर (पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत 100 सेंट). कीबोर्डचा गंधार 400 वर. चौदा सेंट चढा. पेटीवर तो चढा सूर आपण इतकी वर्षं ऐकलाय की कान सरावलाय, पण सिंथचा सूर लांब आणि स्थिर असतो, तो तानपुऱ्यावर ठेवलास की घासणार, आणि तू फिल्टर फिरवत बसशील की आवाज कडक का लागतोय. फिल्टरचा दोष नसतो तो.

म्हणून माझं मत सर्ज एक्सटी या सिंथला. पूर्ण फुकट, ओपन सोर्स, पूर्वी विकत मिळायचा, 2018 मध्ये मूळ कर्त्याने कोड खुला केला. दिसायला व्हायटलइतका देखणा नाही पण ट्यूनिंगची सोय मनापासून केलीय. स्काला फाइल, म्हणजे सुरांच्या जागा लिहिलेली फाइल लोड करायची, ती साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये स्वतः लिहिता येते. पहिली ओळ नाव, दुसरी 12, मग एकाखाली एक 16/15, 9/8, 6/5, 5/4, 4/3, 45/32, 3/2, 8/5, 5/3, 9/5, 15/8, 2/1. झालं. रागाप्रमाणे कोमल सूर वरखाली हवे असतील तर तेवढा आकडा बदल. व्हायटलही ट्यूनिंग फाइल घेतं, तेव्हा तेच ठेवायचं असेल तरी हरकत नाही.

मिरजेचा_षड्ज
काल रात्री दोन्ही करून पाहिलं. मींड निघाली!! ग्लाइड 100 वर घाई वाटत होती, 140 वर प वरून ग वर येताना नेमकं हवं ते आलं. फाइलही लिहिली, सर्जमध्ये लोड झाली, पण भूप वाजवताना काहीतरी बिघडलेलं वाटतंय, धैवतच जागेवर नाही. माझी पट्टी काळी एक.

अर्धा_तंबोरा
काळी एक हेच कारण. फाइल षड्ज पांढरी एकवर धरते, म्हणून तुझा सा त्या फाइलच्या कोमल रिषभावर बसलाय आणि धैवत तिच्या कोमल निषादावर, म्हणून तो चढा लागतोय. सोबत कीबोर्ड मॅपिंगची फाइल लागते. तिच्यात मधला सूर 61 (काळी एकचा मिडी क्रमांक) लिही, रेफरन्स सूरही 61 आणि फ्रिक्वेन्सी 277.18. तानपुरा रेकॉर्डिंगमध्ये थोडा वरखाली असेल तर फ्रिक्वेन्सीचा तो आकडा तानपुऱ्याकडे बघून बदल, तानपुऱ्याला हात लावू नको.

मिरजेचा_षड्ज
केलं. तानपुरा 276 च्या जरा वर निघाला, तोच आकडा टाकला. आता गंधार धरून ठेवला की सिंथ कुठे संपतो आणि तानपुरा कुठे सुरू होतो ते कळत नाहीये, आई आतल्या खोलीतून विचारत होती कोण गातंय. सिंथचे पैसे वाचले, त्यातून बासरीची एखादी चांगली लायब्ररी बघतो. कुणाकडे असेल तर सांगा, खालच्या सप्तकात फुंकर ऐकू येणारी हवी.

लो_पास
बासरीसाठी नवा धागा काढ, इथे हरवेल. आणि तो 140 चा प्रीसेट पाठव मला.