स्कॅनमध्ये गाठ कमी झाली, पण बाबांना वावरापर्यंत चालवत नाही. डॉक्टरांना कसं सांगू?

नमस्कार मंडळी. घाटंजी तालुक्यातून लिहितोय.

बाबा 64 वर्षांचे, फुप्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज. नागपूरला दर 21 दिवसांनी केमो, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल. चार झाल्या. परवाच्या स्कॅनमध्ये गाठ 5.8 सेंटीमीटरवरून 3.9 वर आली. डॉक्टर म्हणाले, रिस्पॉन्स चांगला आहे. आई देवापुढे बसून रडली.

पण बाबांना रोज मी पाहतो. वावर घरापासून पाच मिनिटांवर. दिवाळीआधी ते धुऱ्यावर जाऊन पऱ्हाटी पाहून यायचे. आता नाल्याच्या पुलापाशीच दम लागतो, तिथंच बसतात. आठवडाभरापासून रात्री आडवं होता येत नाही, बाजेवर उशा लावून बसल्याबसल्या झोपतात. बोटं बधिर. नागपूरला निघताना सदऱ्याचं वरचं बटन लावत होते, बटन चिमटीत, पण काज सापडेना. मी पुढे झालो तर माझा हात बाजूला केला. तसेच एसटीत बसले.

ओपीडीत विचारलं, "काका, कसं आहे?" बाबा म्हणाले, "बरं आहे." बाहेर एवढी माणसं बसलेली, डॉक्टरांचा वेळ कशाला घ्यायचा, हा त्यांचा स्वभाव. फाईलवर प्रत्येक वेळी "पीएस 1" (परफॉर्मन्स स्टेटस, रुग्ण कितपत हिंडतो-फिरतो याचा आकडा), म्हणजे हलकी कामं जमतात. बाहेर आल्यावर मला म्हणतात, "गाठ कमी झाली म्हणते, मंग दम काहून लागून राहिला?"

शोधल्यावर कळलं की गाठींचं माप 30 टक्के कमी झालं की त्याला रिस्पॉन्स म्हणतात. माणसाचं माप घ्यायलाही साधन आहे: ईओआरटीसी या युरोपातल्या कॅन्सर संशोधन संस्थेची 30 प्रश्नांची प्रश्नावली, मराठीतही, आणि फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी वेगळे 13 प्रश्न. खोकला, दम, हातापायाला मुंग्या, सगळं त्यात आहे. आम्हाला कोणी कधी विचारलं नाही.

कोणी अशी वही ठेवली आहे का? काय लिहावं, की डॉक्टर दोन मिनिटांत पाहतील? बाबांनी सांगावं की मी लिहावं?

—

उत्तर (वर्ध्याहून):

दादा, वही नंतर, आधी फोन करा. आडवं झाल्यावर दम लागणं पुढच्या तारखेपर्यंत ठेवायची गोष्ट नाही. फुप्फुसाभोवती पाणी असू शकतं, रक्त कमी असू शकतं, आणखीही कारणं असतात. बोटांचंही पुढच्या सलाईनच्या आधीच सांगा, पॅक्लिटॅक्सेलने असं होतं आणि डोस बदलता येतो.

वही मी आईसाठी ठेवली होती. आठवड्यातून एक ठरलेला वार, तिनं सांगायचं, मी लिहायचं. घरचे एक तर वाढवून सांगतात, नाही तर लपवतात. दम, दुखणं, झोप, जेवण, प्रत्येकापुढे "अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप". आणि एक ओळ तिची स्वतःची: चुलीपाशी बसता आलं का. डॉक्टरांनी तीच ओळ आधी वाचली. तुमच्या बाबांची ओळ धुऱ्याची.

पॅलिएटिव्ह ओपीडीचंही विचारा, म्हणजे दम, दुखणं असा त्रास कमी करणारी ओपीडी. हात टेकले असा त्याचा अर्थ नाही. 2010 मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या कॅन्सरच्या 151 रुग्णांवर अभ्यास झाला. ज्यांना सुरुवातीपासून ही सेवा मिळाली त्यांचे दिवस बरे गेले, शिवाय मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, 8.9 ऐवजी 11.6 महिने निघालं.

—

ताई, फोन केला. उद्या सकाळीच बोलावलंय, पहिल्या एसटीनं निघतो. बाबांना विचारून पहिली ओळ लिहिली: "पुलापर्यंत. पुढे नाही."