कोकणात रोजच्या वापराला कोणती गाडी घ्यावी? (जुन्या गाड्यांच्या आठवणींसह)

हर्णैकर :
नमस्कार. आमचे घर हर्णै बंदराजवळ आहे. घरची लहान मोटार आता बदलावी लागणार आहे, कारण इंजिन उत्तम असले तरी दारांच्या खालच्या कडा आणि मागच्या चाकांवरचा पत्रा खाऱ्या हवेने खाल्ला आहे. मुख्य रस्त्यावरून अंगणात उतरणारी वाट जांभ्याची असून उभ्या उताराची आहे आणि पावसाळ्यात ती शेवाळते. दापोलीचा बाजार, अधूनमधून खेड स्थानक आणि मे महिन्यात आंब्याच्या पेट्या, एवढाच वापर आहे. गाड्यांविषयी लिहिणारे बहुतेक जण शहरातली कोंडी आणि द्रुतगती मार्ग डोळ्यांसमोर ठेवून लिहितात, म्हणून इथल्या सभासदांचे मत हवे आहे. जुन्या गाड्यांविषयी लिहिलेत तर अधिकच आनंद होईल.

लालमाती (राजापूर) :
आपल्याकडच्या गाडीची परीक्षा वेगात होत नाही, ती घराच्या वाटेवर होते. ताकद पुढच्या चाकांना मिळत असेल, तर चढणीवर वजन मागे सरकते, पुढची चाके हलकी होतात आणि ओल्या शेवाळावर नुसती फिरत राहतात. म्हणूनच आमच्या वाडीतले जाणते चालक अशा गाड्या अवघड चढणीवर उलट्या, म्हणजे रिव्हर्स गिअरमध्ये चढवीत. तसे केल्यावर तीच चाके उताराच्या बाजूला येतात आणि त्यांच्यावर भार पडतो.

या हिशेबाने मला मारुतीची ओम्नी व्हॅन फार आवडे. १९८४ साली आलेल्या या गाडीचे ७९६ सीसीचे इंजिन मारुती ८००चेच होते, पण ते पुढच्या आसनांखाली बसवलेले होते आणि ताकद मागच्या चाकांना मिळत असे, त्यामुळे माणसे व सामान भरले की मागची पकड उलट वाढे. शिवाय सरकते दार आणि सपाट तळ! गणपतीच्या शाळेतून मूर्ती आणायची असली की वाडीतली सगळी घरे ओम्नीवाल्याला आधीपासून सांगून ठेवीत, कारण मूर्ती तिरकी न करता आत ठेवता येई आणि शेजारी बसून तिला धरताही येई. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. मागच्या चाकांना ताकद देणारी ईको अजून मिळते; पेट्यांसाठी तीच पाहावी.

कमानपाटे (देवरुख) :
मागच्या चाकांविषयीचे मत मान्य आहे, पण हर्णैकरांचा मुख्य प्रश्न पत्र्याचा आहे. लहान मोटारींमध्ये तळाचा पत्राच गाडीचा भार पेलतो, त्यामुळे तो कुजला की सांगाडाच कमकुवत होतो. जीप किंवा २००० साली आलेल्या बोलेरोची चासी, म्हणजे भार पेलणारा खालचा लोखंडी सांगाडा, पत्र्यापासून वेगळी असते. वरचा पत्रा गेला तरी गावातला मेस्त्री तेवढा तुकडा कापून नवा जोडतो आणि गाडी पुन्हा कामाला लागते. मागे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असल्याने खडबडीत सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, बसणाऱ्याला हादरे बसतात हे खरे; तेच पाटे पेट्यांचे ओझे मात्र सहज घेतात. एसटी चुकलेल्या माणसाला वडापच्या जीपनेच घरी पोचवले आहे, आणि आम्हां मुलांना गाड्यांचा लळा लागला तोही तिच्या मागच्या फळीवर उभे राहूनच.

सागरकिनारा (वेंगुर्ले) :
चासी वेगळी असली तरी तीही लोखंडाचीच असते, हे विसरू नये. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते आणि त्या खाऱ्या ओलाव्यात गंजण्याची क्रिया वेगाने होते, म्हणून किनाऱ्यावरून किंवा बंदरावरून आल्यावर गाडीचा तळ आणि चाकांवरच्या खोबणी गोड्या पाण्याने धुणे हाच खरा उपाय आहे. दारांच्या खालच्या कडेला पाणी निथळण्यासाठी बारीक भोके असतात. तांबड्या मातीने ती बुजली की पाणी दारातच साठते आणि आपण वर्णन केले तशीच कड आतून कुजते. पावसाळ्यापूर्वी ती तारेने मोकळी करावीत आणि तळाला गंजरोधक लेप द्यावा. गाडीवर प्लास्टिकचे कापड घट्ट बांधून ठेवू नये, त्याखाली दमटपणा कोंडतो. चारी बाजूंनी वारा खेळणारी शेड त्यापेक्षा कितीतरी चांगली. मासळीच्या टोपल्या गाडीत ठेवणार असाल तर खाली कडा उंच असलेला ट्रे ठेवावा, कारण त्यांतून झिरपणारे पाणी गालिच्याखाली जाऊन बसते.

हर्णैकर :
सर्वांचा आभारी आहे. बोलेरो मला मनापासून आवडते, पण आमच्या वाटेच्या वळणावर दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे आहेत आणि तिथे मोठी गाडी वळवणे आईला जमणार नाही. गाडी तीही चालवते. त्यामुळे ईकोकडे कल झुकतो आहे. रिकामी असताना ती ओल्या चढणीवर कशी चालते?

लालमाती (राजापूर) :
रिकामी असताना मागची बाजू हलकी राहते आणि चाके थोडी घसरतात. पावसाळ्यात मागे वाळूची दोन पोती ठेवावीत, ती पुढे सरकणार नाहीत अशी बांधावीत आणि चढण पहिल्या गिअरमध्ये, मध्येच न थांबता घ्यावी. गाडी नक्की करण्यापूर्वी विक्रेत्याला ती तुमच्या वाटेवरच आणायला सांगा, आणि चालवून आईंनाच पाहू द्या.