दहा तास घर बंद: एसी २८ वर ठेवावा की बंदच करावा?

मालाडकर:
दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट, खोली पश्चिमेला, डोक्यावर थेट गच्ची. ९ ते ७ घरात कुणी नसतं. मेकॅनिकचं म्हणणं, २८ वर चालू राहू द्या, तापलेली खोली गार करायला जास्त युनिटं जातात. खरं आहे का? आणि स्मार्ट प्लग लावून साडेसहाला सुरू करता येईल का?

फेजन्यूट्रल:
बंद करा. आत येणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरते. खोली गार ठेवलीत की भिंतीतून, स्लॅबमधून ती येतच राहते आणि एसी दिवसभर ती उपसत बसतो. बंद खोली एका मर्यादेपर्यंत तापते, मग आवक मंदावते.

ढोबळ हिशोब: २८ वर सरासरी ४०० वॅट धरले तर १० तासांत ४ युनिट. संध्याकाळी तापलेल्या स्लॅबमुळे सव्वा तास दीड किलोवॅटने पळाला तरी २ युनिटच्या आत. मेकॅनिकचं म्हणणं तास-दीड तास बाहेर जाताना चालेल, दहा तासांना नाही. शिवाय बिलाचा दर १००, ३००, ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतो, म्हणजे वाचतात ती सगळ्यात महागडी युनिटं.

माझ्या आकड्यांवर विसंबू नका, मीटर बघा. त्यावर ३२०० इम्प असं काही छापलेलं असतं, म्हणजे ३२०० वेळा लाल दिवा लुकलुकला की १ युनिट. फ्रिज, पंखे बंद, फक्त एसी २८ वर स्थिरावलेला. मिनिटाला २१ वेळा लुकलुकला तर २१×६०÷३२००, साधारण ०.३९ किलोवॅट.

गंजका_कॉइल:
स्मार्ट प्लग नको. ६ अँपचा तर वितळेल. १६ अँपचा घेतलात तरी चालत्या कॉम्प्रेसरचा पुरवठा धाडकन तोडणं बोर्डाला बरं नाही, आणि ऑटो रीस्टार्ट नसेल तर पुरवठा येऊनही एसी नुसता स्टँडबायवर बसतो. रिमोटचा टायमर वापरा (मध्ये लाइट गेली की बहुतेकदा तो पुसला जातो), नाहीतर आयआर ब्लास्टर (मोबाइलवरून चालणारी, रिमोटसारखे सिग्नल सोडणारी डबी), एसीच्या थेट समोर, मध्ये पडदा-कपाट न येता.

सकाळी घाईत थेट एमसीबी पाडू नका. ऑटो क्लीन असेल तर रिमोटने बंद केल्यावरही आतला पंखा कॉइल सुकवत फिरतो. तो तोडलात की कॉइल ओली राहते, आणि संध्याकाळी कुबट वास.

चहा_कमी_साखर:
पश्चिमेचं ऊन आधी अडवा. आतला पडदा उन्हाला काच ओलांडू देतो, मग अडवतो. बांबूचा पडदा बाहेर ग्रिलला बांधा, वाऱ्याने आपटू नये म्हणून खालची काठीही.

आउटडोअर युनिटसमोर कपडे वाळत घालू नका, तीच गरम हवा पुन्हा खेचली जाते. मे महिन्यात आल्या आल्या दहा मिनिटं खिडक्या उघडून कोंडलेली गरमी जाऊ द्या, मग २६ आणि पंखा. १८ लावून खोली लवकर गार होत नाही. जुलैत खिडक्या उघडल्या तर फक्त दमट हवा आत येईल, तेव्हा अर्धा तास ड्राय मोड.

मालाडकर:
मीटर तळमजल्यावर, आणि ६४०० इम्प आहे. मोजता मोजता चुकतंय.

फेजन्यूट्रल:
१५ सेकंदच मोजा आणि चारने गुणा. मोबाइलवर व्हिडिओ काढून हळू चालवलात तर आणखी सोपं. ४०० वॅटला १५ सेकंदांत साधारण ११ यायला हवेत. २०-२२ आले तर आधी फिल्टर धुवा.